पुसलेल्या सीमेचे कागद

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्गला पोहोचतो आणि तेथे बोरी नदी ओलांडतो. सोलापूर जिल्ह्याची हद्द मात्र त्याच्या बरीच अलीकडे संपते आणि धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्याची सुरू होते. आज ती केवळ दोन जिल्ह्यांमधली रेषा आहे. एक पाटी मागे पडते, दुसरी समोर येते आणि वाहनचालक वेगही कमी करत नाही. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हीच रेषा दोन राज्यांमधली सरहद्द होती. पश्चिमेला ब्रिटिशांचा मुंबई इलाखा व १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारत, आणि पूर्वेला निजामाचे हैदराबाद संस्थान. १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लाख लोकवस्तीच्या आणि ८२,६९८ चौरस मैल विस्ताराच्या या संस्थानाला स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल तिकीट होते, स्वतःची जकात, रेल्वे आणि फौजही होती.

देशादेशांमधली जमिनीवरची सीमा ओलांडताना माणसाला कोणते कागद लागतात, या प्रश्नाचा विचार करताना वाघा-अटारी, रक्सौल किंवा पेट्रापोल ही नावे आधी सुचतात; सोलापूरचे नाव सहसा कोणाला सुचत नाही. तरीही या प्रश्नाची एक बाजू सोलापूरच्या वेशीवर जितकी स्पष्ट दिसते तितकी ती इतरत्र क्वचितच दिसते. येथे सरहद्द होती तेव्हा ती ओलांडणाऱ्या सामान्य माणसाकडे ओळखीचा कागद मागण्याची रीत नव्हती. सरहद्द पुसली गेली, आणि त्यानंतर काही दशकांनी त्याच माणसाच्या नातवंडांकडे, आजोबा रेषेच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या तारखेला राहत होते याचा पुरावा मागितला जाऊ लागला. कागदाची गरज सीमेबरोबर जन्मते आणि सीमेबरोबर संपते, हा सर्वसाधारण समज या ठिकाणी टिकत नाही.

जुन्या सरहद्दीची रचना नकाशावर पाहिली तर ती रेषा म्हणण्याजोगीही नव्हती. सोलापूर जिल्ह्याचा बार्शी तालुका पूर्वेकडे निजामाच्या मुलखात शिरलेला होता. दक्षिण-पूर्वेला अक्कलकोट हे वेगळे मराठा संस्थान होते, जे १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि त्यापलीकडे, मुंबई-रायचूर लोहमार्गावर, दुधनी ओलांडली की पुन्हा निजामाचा गुलबर्गा जिल्हा लागत असे. या परिसरातील भाविकाच्या यात्रेचा मार्ग या सगळ्या हद्दींना छेदून जाणारा होता. पंढरपूर ब्रिटिश हद्दीत, स्वामी समर्थांचे अक्कलकोट भोसले राजांच्या संस्थानात, तुळजापूर आणि दत्ताचे गाणगापूर निजामाच्या राज्यात. कोजागरी पौर्णिमेला सोलापुरातून पायी तुळजापूरला जाणाऱ्या भाविकाने भवानीच्या पायरीला हात लावेपर्यंत एक राज्य सोडून दुसऱ्यात प्रवेश केलेला असे, आणि त्याच्या लेखी त्या प्रवासात नोंद घेण्याजोगे काही घडलेले नसे.

राज्याच्या लेखी मात्र घडलेले असे, परंतु ते माणसाच्या बाबतीत नव्हे, मालाच्या बाबतीत. हैदराबाद संस्थानातील जकात खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत, आणि सरहद्दीवरच्या रस्त्यांवर करोडगिरीची नाकी असत. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात जो व्यापारी तह झाला त्याने कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा ५ इतकी जकात ठरवून दिली होती, आणि हे उत्पन्न संस्थानाच्या खजिन्याला पुढे दीर्घकाळ महत्त्वाचे राहिले. नाक्यावरच्या कारकुनाला गाडीत कापूस आहे की कापड, पोती किती, किंमत किती आणि जकात भरल्याची पावती आहे की नाही हे हवे असे. गाडीवान कोण, त्याचे गाव कोणते, त्याची जात-जमात कोणती, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत, म्हणजे निजामाच्या हद्दीत खोलवर, पोहोचली. तीवरून जाणाऱ्या मालाचीही गत हीच होती.

दुसरी विचारपूस नाण्याची होती. संस्थानातील रुपयाला ‘हाली सिक्का’ किंवा उस्मानिया सिक्का म्हणत, तर ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाला यंत्रावर पाडलेला म्हणून ‘कलदार’. दोन्ही रुपयेच, पण सारख्या किमतीचे नव्हेत. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा सरकारी भाव होता, म्हणजे ६ कलदारांना ७ हाली. सरहद्दीलगतच्या बाजारात व्यवहार ठरवताना रुपया हालीतला की कलदारातला हे आधी विचारून घेणे भाग असे, आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘कलदार’ हा शब्द खणखणीत पैशासाठी पुष्कळ काळ टिकून राहिला तो त्यामुळेच. थोडक्यात, या सरहद्दीवर मालाची आणि नाण्याची ओळख पटवावी लागे, माणसाची नव्हे.

याचे कारण निजामी राजवटीचा उदारपणा असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ओळखीचा कागद दाखवून सीमा ओलांडायची ही पद्धतच मुळी जगात अलीकडची आहे. पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, हे पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत अत्यावश्यक नव्हते. हेर आणि शत्रूराष्ट्रांचे नागरिक यांच्या धास्तीने युद्धकाळात ते सक्तीचे झाले आणि युद्ध संपल्यावरही सक्ती उठली नाही. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टविषयीचा कायदा झाला तो परदेशातून देशात येणाऱ्यांपुरता. संस्थानांचे प्रजाजन हे कायद्याच्या भाषेत ब्रिटिश प्रजा नव्हते, तर ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ होते, आणि परदेशी जायचे झाल्यास त्यांच्या पासपोर्टवर तशी नोंद होई. पण तुळजापूरचा माणूस सोलापूरच्या बाजारात येताना यातले काहीही लागू होत नव्हते.

पासपोर्ट हा त्या काळी हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे, आणि त्याचे उदाहरण सोलापूरच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात सापडते. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. या पाच जणांच्या पथकात मुळात डॉ. रणेन सेन यांचे नाव होते. त्यांच्या राजकीय पूर्वेतिहासामुळे सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला आणि त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला स्वतंत्र भारतात १९६७ साल उजाडावे लागले. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यातील त्या निकालानंतरच त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. कोटणीस त्यापूर्वी पंचवीस वर्षे, ९ डिसेंबर १९४२ रोजी, चीनमध्येच निवर्तले होते.

हैदराबाद संस्थानाला माणसाची ओळख नको होती असे मात्र नाही. ती त्याला हवी होती, पण सरहद्दीवर नव्हे, नोकरीच्या दारात. ‘मुल्क’ म्हणजे देश, आणि त्या देशाचा तो ‘मुल्की’. बाहेरचा तो ‘गैरमुल्की’. उत्तर हिंदुस्थानातून आणि ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या सुशिक्षितांनी संस्थानातील वरच्या जागा व्यापल्याची तक्रार जुनी होती, आणि १९१९ च्या फर्मानाने मुल्की कोणाला म्हणावे याचे नियम पक्के केले. जो जन्माने संस्थानची प्रजा आहे तो मुल्की. ज्याच्या जन्मावेळी वडिलांची सरकारी नोकरी १५ वर्षांची झाली होती तोही मुल्की. मुल्कीची पत्नी मुल्की. आणि जो बाहेरून येऊन किमान १५ वर्षे कायम राहिला आहे, ज्याने मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिला आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात मॅजिस्ट्रेटसमोर केले आहे, तोही मुल्की.

या शेवटच्या अटीकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ती केवळ वास्तव्य मोजत नाही, मनही मोजू पाहते. परतण्याचा विचार सोडला आहे हे कागदावर लिहून देता येते, पण ते सिद्ध कसे करायचे, आणि सरहद्दीपासून एका दिवसाच्या वाटेवर ज्याचे मूळ गाव आहे, ज्याची बहीण पलीकडे दिली आहे आणि ज्याचे कुलदैवत अलीकडे आहे, त्याने ‘परतणे’ या शब्दाचा अर्थ नेमका काय करायचा? सोलापूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात सोयरीक सरहद्द पाहून होत नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ यांचेच पाहिले तर त्यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, शिक्षणाचा काही काळ सोलापुरातला, म्हणजे दोन्ही गोष्टी ब्रिटिश हद्दीतल्या. आणि पुढे हिप्परगा व अंबाजोगाई येथे शिक्षक म्हणून काम करून ते ज्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सर्वमान्य नेते झाले ते सारे निजामी मुलखातले. मुल्की नियम निजामाबरोबर संपले असेही झाले नाही. १९५२ मध्ये हैदराबाद शहरात त्यावरून आंदोलन पेटले, ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम वैध ठरवले, आणि त्यानंतर आंध्र प्रदेशात उसळलेल्या वादळानंतर १९७३ च्या ३२ व्या घटनादुरुस्तीने त्या विषयाची नवी व्यवस्था लावली. सरहद्द गेल्यावर पाव शतकानेही तिच्या काळचा कागद राज्यकर्त्यांची झोप उडवत होता.

सरहद्दीवर माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले ते १९३८ पासून. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली, आणि १९३९ च्या प्रारंभी आर्य समाजाने संस्थानातील धार्मिक निर्बंधांविरुद्ध सत्याग्रह पुकारला. त्याचे मुख्य ठाणे सोलापूर होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या येथून सरहद्द ओलांडत आणि पलीकडे पकडल्या जात. १९३९ च्या ऑगस्टपर्यंत हे चालले. आजवर मालासाठी असलेली रेषा आता बाहेरच्या माणसासाठी गुन्ह्याची रेषा झाली. त्या सत्याग्रहाची सोलापुरातील ठळक खूण म्हणजे १९४० साली सुरू झालेले दयानंद महाविद्यालय. त्यात शिकलेल्या किती जणांना त्याचा हा इतिहास ठाऊक असेल, हा वेगळा प्रश्न आहे.

पुढचा टप्पा सर्वपरिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगता येईल. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, म्हणजे वर्षभर आहे ती व्यवस्था चालू ठेवायची असे ठरले. त्यानंतर लवकरच संस्थानाने भारतीय चलन व्यवहारात वापरण्यावर आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंदी घालणारे हुकूम काढले. इतकी वर्षे भाव करून चालणारा कलदार रातोरात बेकायदा ठरला, आणि भारत सरकारने यालाच कराराचा भंग म्हटले. रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून कुटुंबेच्या कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आली. स्टेट काँग्रेसचे कॅम्प सरहद्दीलगत उभे राहिले. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्थानकावर मद्रासहून मुंबईकडे येणाऱ्या मेलवर हल्ला झाला. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या फौजेची मुख्य आघाडी सोलापूरहूनच निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर संस्थानातील मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व गुलबर्गा हे सोलापूरचे दोन्ही शेजारी मोजले. घर जळते तेव्हा पेटीतला सनद-दाखलाही जळतो, हे अशा पाहण्यांत सहसा लिहिले जात नाही.

याच काळात देशाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे वळण लागत होते. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी भारताने जुलै १९४८ मध्ये परवाना पद्धत सुरू केली आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांदरम्यान पासपोर्ट व व्हिसा लागू झाला. कालपर्यंत ज्या वाटेने लोक बाजारहाट करत त्या वाटेवर कायमचे फाटक बसले. सोलापूरच्या सरहद्दीचा निकाल मात्र उलट्या दिशेने लागला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा निजामाची प्रजा भारताची नागरिक झाली. हाली सिक्का पन्नाशीच्या दशकात व्यवहारातून गेला. घटनेच्या मूळ ३०६ व्या कलमाने हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांना काही काळ आपली जकात चालू ठेवण्याची जी मुभा दिली होती तीही १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि सोलापूर-उस्मानाबाद हे एका राज्याचे शेजारी जिल्हे झाले. आज तुळजापूरच्या रस्त्यावर तामलवाडीला नाका आहे, तो पथकराचा.

जुनी सोलापूर सरहद्द कशी चालत असेल याचा जिवंत नमुना पाहायचा तर तो नेपाळच्या सीमेवर पाहता येतो. ३१ जुलै १९५० च्या मैत्री कराराने भारत आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, व्यापाराची, मालमत्तेची आणि ये-जा करण्याची मोकळीक दिली आहे. सुमारे १,७५१ किलोमीटरच्या या सीमेवर भारतीयाला व्हिसा लागत नाही. तेथेही दोन रुपये आहेत, १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी असा बांधलेला भाव १९९३ पासून आहे, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली तेव्हा मुक्तिनाथ-पशुपतिनाथला निघालेल्या यात्रेकरूंची जी पंचाईत झाली, तशीच ती १९४७ च्या अखेरीस गाणगापूरला निघालेल्यांची झाली असणार.

फरक इतकाच की नेपाळच्या सीमेवर आता माणसाचीही ओळख लागते, आणि तिचे नियम सोलापूरहून बसने गोरखपूर-सोनौली मार्गे निघणाऱ्या यात्रा-मंडळींना अनेकदा नीट ठाऊक नसतात. भारतीय प्रौढाला एकतर वैध पासपोर्ट लागतो, नाहीतर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. ज्या आधार कार्डावर बँकेपासून रेशनपर्यंत सारे चालते ते आधार १५ ते ६५ या वयोगटातील प्रवाशाला येथे पुरेसे नाही. ते चालते फक्त १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वृद्धांना, आणि तशी सवलत केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ च्या जानेवारीत जाहीर केली. वृद्धांना पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा शिधापत्रिकाही चालते, तर १५ ते १८ या वयाच्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला ओळख दाखला न्यावा लागतो. हा भेद वरवर विक्षिप्त वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. आधार कायद्याच्या ९ व्या कलमानेच स्पष्ट केले आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तो येथे राहणाऱ्याला दिलेला क्रमांक आहे. मतदार मात्र नागरिकच असावा लागतो. सीमेवरच्या शिपायाला माणूस कोण आहे हे नको असते, तो कोणाचा आहे हे हवे असते. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्यापुरती ही काळजी राज्याने सोडून दिलेली दिसते.

भूतानमध्ये जयगाव-फुन्शोलिंगच्या वेशीवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना घ्यावा लागतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला दर रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. ही एका अर्थी माणसावरची करोडगिरीच होय. देशाच्या आतही अशी रेषा आहे. १८७३ च्या ब्रिटिश विनियमातून आलेला ‘इनर लाइन परवाना’ अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर २०१९ पासून मणिपूर येथे जाणाऱ्या महाराष्ट्रातील नागरिकाला आजही काढावा लागतो. करतारपूरची गोष्ट आणखी निराळी. गुरदासपूर जिल्ह्यातील डेरा बाबा नानक येथून रावीपलीकडच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला, तेव्हा व्हिसा माफ झाला तरी पासपोर्ट, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि २० डॉलर शुल्क या अटी होत्याच. ७ मे २०२५ पासून भारताने तो मार्ग थांबवला. त्याच गुरदासपूर जिल्ह्यात घुमान आहे, जेथे पंढरीचे नामदेव महाराज जाऊन राहिले आणि जेथे २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. गुरु ग्रंथसाहिबात ज्यांची ६१ पदे आहेत त्या नामदेवांना भीमेपासून रावीच्या खोऱ्यापर्यंत कोणी परवाना मागितल्याची नोंद नाही, परंतु त्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. वाटमारीची धास्ती तेव्हा कागदापेक्षा मोठी होती.

पुन्हा सोलापूरकडे वळायचे ते या लेखाच्या मूळ मुद्द्यासाठी. सोलापूर हे कापडाचे शहर झाले त्यात तेलंगणातून, म्हणजे निजामाच्याच मुलखातून, आलेल्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचा वाटा फार मोठा आहे. दुष्काळ, हातमागाचा मंदावलेला धंदा आणि सोलापुरातल्या गिरण्यांचा भोंगा या तिन्हींनी त्यांना पश्चिमेकडे आणले. शहराच्या पूर्व भागात आजही घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी असा व्यवहार चालतो, आणि ‘सोलापुरी चादर’ या नावामागे त्यांच्या मागांचा खटका आहे. हे लोक एक राज्य सोडून दुसऱ्यात आले तेव्हा त्यांनी कोणत्याही नाक्यावर नाव नोंदवले नाही, कारण नाक्याला त्यांच्या नावाशी देणेघेणे नव्हते.

त्या स्थलांतराचा कागद पुढे मागितला गेला. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी २००१ चा २३ वा अधिनियम आहे, आणि अर्जदाराने आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने अर्जदारावरच टाकली आहे. त्याबरोबर ‘मानीव दिनांक’ ही कल्पना येते. आपले पूर्वज एका ठरावीक तारखेला या राज्याच्या हद्दीत राहत होते हे दाखवावे लागते, आणि ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात गणला जातो, आणि त्यातील मुलालाही महाविद्यालयाच्या प्रवेशावेळी आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद किंवा गिरणीतला एखादा जुना कागद शोधण्याची पाळी येते. ज्याचे पणजोबा शाळेतच गेले नाहीत आणि भाड्याच्या खोलीत राहून माग चालवत होते, त्याच्यापाशी तो कागद असण्याचे कारणच काय?

कायद्याची दुसरी कडी त्याहून घट्ट आहे. एका राज्यात मागास ठरलेली जात किंवा जमात दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिचे फायदे आपोआप बरोबर जात नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात ठरवले. आंध्रातील अनुसूचित जमातीचा आणि लहानपणीच मुंबईला आलेला हा विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशासाठी झगडत होता, आणि ते महाविद्यालय योगायोगाने कोटणीसांचेच होते. निकालामागचा विचार असा की मागासपण हे त्या त्या प्रदेशातील सामाजिक परिस्थितीतून येते. हा विचार तर्काला धरून आहे, पण सोलापूरसारख्या सरहद्दीवरच्या शहराला तो बसत नाही, कारण येथे माणसे हलली तशी राज्येही हलली. एखादे घराणे जागचे न हलता निजामाचे, मग हैदराबाद राज्याचे, मग द्वैभाषिक मुंबईचे आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे झाले; त्याचे भाऊबंद गुलबर्ग्याच्या बाजूला होते ते कर्नाटकचे झाले. कुटुंब एक आणि दाखल्यांचे कायदे दोन, ही परिस्थिती अक्कलकोट-आळंदच्या पट्ट्यात अपवादाची नाही.

या साऱ्याला गेल्या काही वर्षांत राज्यव्यापी महत्त्व आले ते मराठा-कुणबी दाखल्यांमुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली ती सुरुवातीला मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करण्यात आला. आरक्षणाच्या वादाची योग्यायोग्यता हा या लेखाचा विषय नाही. येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच की पंचाहत्तर वर्षांपूर्वी पुसलेली रेषा पुराव्याच्या रूपाने पुन्हा उभी राहिली. रेषेच्या पश्चिमेला मुंबई इलाख्याची दप्तरपद्धती होती, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा नमुना क्रमांक १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जात लिहिलेली असे, आणि लिपी मोडी किंवा बाळबोध. पूर्वेला राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि हाती लागतात ती खासरा पत्रके, म्हणजे शेताच्या गटवार नोंदी, व तत्सम महसुली कागद. बार्शीचा माणूस कोतवाल बुकाची नक्कल तहसीलमधून आणू शकतो; त्याच्याच सोयऱ्याला पलीकडच्या गावात उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो. मोडी वाचणारेही आता फारसे उरलेले नाहीत, ही गोष्ट त्याहून लाजिरवाणी, कारण ती आपलीच लिपी.

राज्याने आजवर जे केले ते दाखला मागण्याचे. दाखला टिकवण्याचे काम त्याने नागरिकाच्या ट्रंकेवर सोडले. निजामकालीन आणि मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरांचे एकत्र संगणकीकरण, मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची तालुकानिहाय नेमणूक आणि नक्कल मागणाऱ्याला ती ठरावीक मुदतीत मिळण्याची हमी, या तीन गोष्टी झाल्याशिवाय पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर टाकणारा कायदा न्याय्य म्हणता येणार नाही. तोवर सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातील वाचकांना विनंती अशी की दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून किंवा देव्हाऱ्याखालच्या पेटीतून निघालेला, वाचता न येणारा उर्दू, मोडी किंवा तेलुगू कागद रद्दीत घालू नये. त्याचे छायाचित्र काढावे, मूळ प्रत कोरड्या जागी ठेवावी, आणि घरात कोणी वृद्ध असतील तर तो कोणाच्या नावाचा आहे एवढे तरी त्यांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे.